संसार सांभाळून कायद्याचा उच्च अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी मोरा येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनी व्याख्यानाला बाहेरून कोणी मोठी विदुषी बोलवावी असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही गावातल्याच. तुम्ही एलएल.एम. कशी केलीत तेवढे सांगा." मी म्हटले, त्यात सांगण्यासारखे काय आहे? परंतु गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि बोलणे माझे कर्तव्यच आहे असे मला वाटू लागले.

आपल्यातलीच एक सून, तिचे नाव मी घेत नाही, संध्याकाळी माझ्याकडे आली. मुलगी एलएल.बी. झालेली, कडेवर दीड वर्षाचे मूल. तिने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. 'घरबसल्या एलएल.एम., हजेरी नाही, एका वर्षात पदवी, आठ दिवसांत पैसे भरणाऱ्यांस सवलत.' पैसे कोठून आणणार म्हणून विचारले, तर तिने हातातल्या पाटल्यांकडे पाहिले. मी तिला एवढेच म्हटले, "आठ दिवस थांब. मंडळाच्या सभेत मी सगळे सांगते, मग तू ठरव." तेव्हा आजचे हे भाषण मुख्यतः तिच्यासाठी आहे. पण तिच्यासारख्या आणखीही असतील.

मी एवढ्या ठामपणे तिला का थांबवले? कारण माझ्या पाटल्या त्याच वाटेने गेल्या आहेत. एलएल.बी. होऊन मला बरीच वर्षे झाली होती. उरणला एका वकिलांच्या हाताखाली मी कागदपत्रांचे काम करीत असे. पुढे शिकून कायद्याच्या महाविद्यालयात शिकवावे अशी मनात फार इच्छा. २०१५ साली अशीच एक जाहिरात पाहिली आणि साठ हजार रुपये भरले. वर्षभर रात्री जागून धडे वाचले, उत्तरे पाठवली, शेवटी जाड कागदावरचे प्रमाणपत्र आले. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवले, पेढे वाटले. पुढे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरील जागेसाठी अर्ज केला, तेव्हा तेथील कारकुनाने कागद उलटून पाहिला आणि शांतपणे म्हटले, "बाई, ही पदवी नव्हे." त्या दिवशी मोऱ्याच्या लाँचमध्ये मी तोंड समुद्राकडे करून बसले होते. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण पेढे वाटले होते, त्याची लाज अधिक वाटली.

चूक माझीच होती असे मी कितीतरी दिवस धरून चालले. आज म्हणते, चूक एवढीच की मी कोणाला विचारले नाही. म्हणून मला जे ठाऊक आहे ते आज क्रमाने सांगते.

प्रथम हे पाहू की एलएल.एम. कशाला हवी. कोर्टात वकिली करावयाची असेल तर तिची गरज नाही. एलएल.बी., बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढे पुरते. न्यायाधीश होण्यासाठीही एलएल.एम. सक्तीची नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे, तेव्हा त्या वाटेने जाणारीने आधी कोर्टाची पायरी चढावी. मग एलएल.एम. कोणी करावी? जिला कायदा शिकवायचा आहे तिने. तिला एलएल.एम.ला निदान ५५ टक्के गुण आणि त्यावर नेट किंवा आपल्या राज्याची सेट परीक्षा लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सूट आहे. जिला पुढे पीएच.डी. करायची आहे तिने. आणि जिला एखाद्या विषयाच्या तळाशी जायचे आहे तिने. मी तिसरीही होते, हे मला मागाहून समजले.

आता मार्ग सांगते.

पहिला मार्ग विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एलएल.एम.चा. मुंबई विद्यापीठाची ही पदवी चार सत्रांची आहे. प्रवेशासाठी परीक्षा असते. त्यात घटनेचा कायदा, फौजदारी कायदा, व्यापारविषयक कायदा असे गट असतात आणि शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. संसारी बाईला हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो. कोणी म्हणेल, दोन वर्षे ही सोय कशी? कारण ओझे वाटले जाते. कित्येक ठिकाणी तास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असतात, कारण शिकणारे बहुतेक वकिली किंवा नोकरी करणारेच असतात. एखाद्या सत्राचा एखादा पेपर राहिला तर तो पुढे देता येतो. मात्र हजेरी लागते, हे विसरू नये. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कचेरीत उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: तास किती वाजता, हजेरी किती टक्के, आणि राहिलेला पेपर किती मुदतीत देता येतो. हे विचारण्यात कमीपणा नाही. भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतोच की नाही?

दुसरा मार्ग एका वर्षाच्या एलएल.एम.चा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत, तेथे हा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी क्लॅट नावाची देशभर एकच परीक्षा असते. अलीकडे ती डिसेंबरात होते. वर्ष एकच म्हणून हा सोपा असे मात्र कोणी समजू नये. वर्ग, ग्रंथालय, चर्चासत्र आणि संशोधन मिळून आठवड्याला तीस तास द्यावेत अशी अपेक्षा आहे. जिचे मूल मोठे आहे किंवा ज्या घरात दुसरी बाई कर्ती आहे तिला एक वर्ष कंबर कसून हे साधेल. बार कौन्सिलने २०२० च्या नियमांनी ही एका वर्षाची पदवी बंद करण्याचे ठरवले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेला. तेव्हा या मार्गाने जाणारीने प्रवेशाच्या वर्षी नियम काय आहे ते पुन्हा पाहून घ्यावे.

तिसरा मार्ग घरबसल्याचा. येथे मी आवाज चढवून बोलते, त्याची क्षमा असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणे जे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पदवीसाठी शिकवण्यास मनाई आहे, त्यांत कायदा हा विषय आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२५ साली जाहीर इशाराच दिला की तिच्या पूर्वपरवानगीवाचून चालणाऱ्या ऑनलाइन, दूरस्थ किंवा मिश्र पद्धतीच्या एलएल.एम. तिला मान्य नाहीत. मग त्यांच्यापुढे 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलेले असो की 'प्रोफेशनल'. हे अभ्यासक्रम चालवणारे कोण आणि किती, या वादात मी पडत नाही. मी एवढेच म्हणते की, बाई, पाटल्या काढण्यापूर्वी बार कौन्सिलची परवानगी लेखी मागा. जो खरा आहे तो कागद दाखवील. जो खोटा आहे तो 'आठ दिवसांत सवलत संपते' एवढेच सांगत राहील.

मग घरबसल्या काहीच शिकता येत नाही का? येते. बंगळूरची नॅशनल लॉ स्कूल कित्येक वर्षे घरून करता येण्याजोग्या पदव्युत्तर पदविका चालवते. मानवी हक्क, पर्यावरणाचा कायदा, बालहक्क, वैद्यकीय कायदा असे विषय त्यांत असतात. इग्नूच्याही बौद्धिक संपदा आणि फौजदारी न्याय या विषयांच्या पदविका आहेत. ही पदविका आहे, पदवी नव्हे. तिच्यावर प्राध्यापकी मिळणार नाही. पण एखादा विषय आपल्याला झेपतो का, रात्री दोन तास आपण खरोखर बसतो का, याची परीक्षा थोड्या पैशांत होते. ज्यांना तेवढेही खर्चायचे नसतील त्यांच्यासाठी सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर पाठ फुकट ऐकायला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले निकाल 'ई-एससीआर' या नावाने सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत, त्यांतले काही मराठीतही आहेत. आमच्या वेळी एका निकालासाठी मुंबईच्या ग्रंथालयात दिवस मोडत असे.

परदेशचाही एक मार्ग आहे. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊ देते आणि त्याची एलएल.एम. दूरस्थ पद्धतीने थोडी थोडी करीत पुरी करता येते. तिकडच्या एखाद्या व्यापारी कंपनीत काम करणाऱ्या मराठी मुलीस ती उपयोगी पडेल. परंतु इकडे येऊन शिकवायचे असेल तर तिला येथे मान्यता मिळेलच असे धरून चालू नये.

खर्चाविषयीही दोन शब्द सांगते. राज्य सरकारने २०२४-२५ पासून, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ठराविक प्रवर्गांतील मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात व परीक्षाशुल्कात पूर्ण माफी दिली आहे. ती आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या महाविद्यालयाला लागू आहे की नाही, हे प्रवेशाच्या आधी विचारावे. फी भरून झाल्यावर विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात.

आणि ज्या भगिनींची एलएल.बी. व्हायची आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन वकिलीला जाता येते. पण दहावी-बारावीची पायरी न चढता थेट पदवी घेतलेली असेल तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ती चालत नाही. आपल्यात अशा दोघीतिघी आहेत हे मला माहीत आहे. त्यांनी आधी बारावी करावी. उशीर झाला म्हणून लाजू नये.

भगिनींनो, तुकड्यातुकड्यांनी शिकणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. नाशकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची वरची परीक्षा दिली. विद्यापीठाने पदवी मात्र त्यांना १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी दिली, कारण १९२० पर्यंत तेथे बायकांना पदवी देतच नसत. आणि येथे वकिली करण्यास स्त्रियांना कायद्याने मोकळीक मिळाली ती १९२३ साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली लंडनला अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास एकदमच सुरू केला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली तो अर्धा टाकून परत यावे लागले. मग त्यांनी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी केली, पैसे जमवले आणि १९२० साली पुन्हा जाऊन अभ्यास पुरा केला. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेव्हा मध्ये खंड पडला म्हणून अभ्यास मोडला, असे जिला कोणी म्हणेल तिने हे उदाहरण सांगावे.

आता माझी हकीकत सांगून पुरे करते. त्या प्रमाणपत्रानंतर बराच काळ मी पुस्तक उघडले नाही. मग एकदा जाऊबाईच म्हणाल्या, "सकाळचा स्वयंपाक मी पाहते, तुम्ही खरी पदवी आणा." त्यांना लिहिता-वाचता जेमतेम येते. २०१७ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात दोन वर्षांच्या एलएल.एम.ला नाव घातले. आमच्या घरी तेव्हा दोन वेळापत्रके भिंतीला लावलेली असत, एक तासांचे आणि एक भरती-ओहोटीचे. आपल्या बंदरात गाळ किती साचतो ते तुम्हांला माहीत आहे. ओहोटीला लाँच लागली नाही की पहिला तास गेला. पावसाळ्यात बावटा चढला की सगळाच दिवस गेला. मग रस्त्याने पनवेलवरून किंवा बेलापूरवरून तीन-तीन तासांचा वळसा. भाऊच्या धक्क्यापर्यंतच्या त्या तासाभरात मी जेवढे वाचले तेवढे घरी कधीच वाचले नसेल. दुसऱ्या सत्रात सासूबाई आजारी पडल्या आणि दोन पेपर राहिले. ते पुढल्या खेपेस दिले. म्हणून दोन वर्षांची पदवी मला अडीच वर्षांनी मिळाली. त्याने काहीही बिघडले नाही.

आजच्या मुलींना १२ जानेवारी २०२४ पासून उरणची लोकल आहे आणि त्याच दिवशी सुरू झालेला अटल सेतूही आहे. ओहोटी पाहून कायदा शिकण्याची पाळी आता त्यांच्यावर येणार नाही.

प्रबंधाचा विषय निवडताना माझे गुरुजी म्हणाले, "मोठा विषय घेऊ नका, घराजवळचा घ्या." घराजवळ काय होते? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी दिलेला निकाल होता. बंदराच्या भरावामुळे आणि खाडीची वाट अडल्यामुळे ज्यांची मासेमारी बुडाली त्या उरण, हनुमान, बेलपाडा आणि गव्हाण या चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा तो निकाल. तो मी दहा वेळा वाचला. त्यात खाजणाची झाडे होती, भरती-ओहोटीचे पाणी होते, होड्या होत्या. माझ्या दारासमोरचा चिखल त्या इंग्रजी कागदावर होता! मग मी वही घेऊन कोळीवाड्यात माहिती विचारायला गेले. एक वयोवृद्ध बाई जाळे विणत बसल्या होत्या. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाय, तुजे बुकान आमची खारी हाय का?"

मी म्हटले, "आहे, आजी." त्या म्हणाल्या, "मंग नीट वाच."

भगिनींनो, एलएल.एम. कशासाठी, याचे इतके नेमके उत्तर मला कोणत्याही वर्गात मिळाले नाही. निकाल लागला म्हणजे पैसा पदरात पडतो असे नाही. त्यानंतरही अपिले असतात, तारखा असतात, याद्यांतली नावे चुकलेली असतात. तो कागद नीट वाचणारे कोणी गावात पाहिजे. बंदरासाठी जमिनी गेल्या, सिडकोच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, समुद्रकिनाऱ्याच्या नियमनाची अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ अशी तीनदा निघाली. इतकी वर्षे आपल्या गावचे भवितव्य कायद्याच्या कागदावर ठरत आले आणि ते वाचायला आपण बाहेरचा माणूस शोधत राहिलो. आपल्याच लेकीसुना हे वाचू लागल्या तर?

मला आज आठवड्यातून तीन दिवस शिकवण्याचे काम आहे, उरलेले दिवस मी उरणच्या कोर्टात असते. फार मोठे काही झाले नाही. पण सासूबाई हयात असताना खरी पदवी आली, तीही देवापुढे ठेवली. पेढे मात्र मी वाटू दिले नाहीत. त्यांनी गुपचूप वाटलेच.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या करते. एक, मंडळाच्या खोलीत कपाटाचा एक खण अभ्यासाच्या पुस्तकांना द्यावा; माझी पुस्तके मी उद्याच आणून ठेवते. दोन, परीक्षेच्या दिवसांत ज्या मुलीला मूल सांभाळायला कोणी नाही तिचे मूल मंडळाने सांभाळावे. पाळी लावली तर कोणालाच जड होणार नाही. आणि तीन, कोणाही बहिणीने कोठेही फी भरण्यापूर्वी ती जाहिरात मंडळात आणून दाखवावी. चार जणींनी मिळून वाचलेला कागद सहसा फसवत नाही.

माझ्याकडे आलेल्या त्या सूनबाईला एवढेच सांगते. आठ दिवस संपले. सवलतही संपली असेल, ती संपू दे. पाटल्या हातातच राहू देत. प्रवेशपरीक्षेचा अर्ज सुटेल त्या दिवशी माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून भरू. आणि बाळाला घेऊन ये.